कॅमेरा गिळला, हिशेब निघाला

सुरुवात बर्फापासून झाली.

आमच्या ऑफिसच्या पँट्रीत एक फ्रीज आहे. दिवसातून तीन-चारदा मी तिथे जायचो, ग्लासभर बर्फ घ्यायचो आणि जागेवर येऊन कडाकडा चावत बसायचो. पाणी नको, कोल्ड्रिंक नको, नुसता बर्फ! शेजारी बसणारी सहकारी एकदा वैतागून म्हणाली, ''अरे, तो तुझा मिक्सर बंद कर ना जरा. क्लायंटला ऐकू जातोय.'' मी हसलो. उन्हाळा आहे, म्हटलं. खरं तर डिसेंबर चालू होता.

मग आला सिंहगड. पुण्यात राहायचं आणि रविवारी सकाळी सिंहगड चढायचा नाही, म्हणजे मित्रांच्या दृष्टीने गुन्हाच. एरवी मी पाऊण-एक तासात वर असतो. त्या दिवशी सहा वेळा थांबलो. छातीत धडधड, कानात घूं घूं. एक सत्तरीचे आजोबा काठी टेकत मागून आले, ''चला, थोडंच राहिलंय!'' म्हणून माझी पाठ थोपटून पुढे निघूनही गेले. वर पोचल्यावर मडक्यातलं दही हातात घेतलं, तेव्हा मित्र म्हणाला, ''दही आणि तू, एकाच रंगाचे दिसताय.''

मी काय म्हटलं असेन? ''काम खूप आहे रे.'' आपल्या सगळ्यांचं हे ठरलेलं उत्तर. थकवा म्हणजे काम, चिडचिड म्हणजे काम, केस गळतात म्हणजे कामच. पगार मिळतो तर थकवा आलाच पाहिजे, असं आपण कधी ठरवून टाकलं, कोण जाणे.

सोमवारी आईने हाताला धरून फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. वय वर्षं ३१, तरी हाताला धरून! डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, ''बर्फ खाता का हो?''

मी उडालोच. हा माणूस ज्योतिषी आहे की काय? ते म्हणाले, ''अंगातलं लोह संपलं की काही जणांना अशी विचित्र खा खा सुटते. कुणाला बर्फ, कुणाला खडू, कुणाला माती.'' रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. पुरुषाचं निदान १३ तरी हवं. लोहाचा साठा दाखवणारी फेरिटिन नावाची टेस्ट असते, तिचा आकडा ६. म्हणजे गोदाम जवळजवळ रिकामं.

बातमी घरी पोचली आणि आमचं स्वयंपाकघर युद्धपातळीवर कामाला लागलं. गूळ-शेंगदाणे, खजूर, बीटाची कोशिंबीर, अळीव. माळ्यावरची लोखंडी कढई खाली आली. सोबत डॉक्टरांच्या आयर्नच्या गोळ्या. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन १२.१! आईने श्रेय कढईला दिलं, मी गोळ्यांना. मग नेहमीप्रमाणे गोळ्या बंद केल्या, आणि पाच महिन्यांनी पुन्हा पँट्रीतल्या फ्रीजपुढे उभा. हिमोग्लोबिन ८.९.

या वेळी फॅमिली डॉक्टरांनी कागद घेतला आणि मला चक्क हिशेब मांडून दाखवला. आपल्या शरीरात लोह असतं जेमतेम तीन-चार ग्रॅम, आणि त्यातलं बरंचसं रक्तात. अन्नातून शरीर रोज शोषतं एक-दोन मिलिग्रॅम, आणि साधारण तेवढंच रोज बाहेर जातं. जमा आणि खर्च बरोबर. एक मिलिलिटर रक्तात अंदाजे अर्धा मिलिग्रॅम लोह. आता पोटात कुठेतरी रोज दोन चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर रक्त झिरपत असेल तर? पाच मिलिग्रॅम गेलं. कितीही गूळ-शेंगदाणे खाल्ले तरी ही तूट भरून निघणं कठीण. आणि गंमत म्हणजे एवढंसं रक्त संडासात डोळ्यांना दिसतही नाही.

''पगार वेळेवर येतोय आणि तरी महिन्याच्या दहा तारखेला खातं रिकामं,'' डॉक्टर म्हणाले, ''तर पगारवाढ मागायची की पैसे जातात कुठे ते शोधायचं?''

हे वाक्य मला तिथल्या तिथे पटलं. 'ॲनिमिया' हे आजाराचं नाव आहे असं मी समजत होतो. ती नुसती तक्रार आहे. आजार कुठेतरी मागे लपलेला असतो.

इथे एक थांबा, विशेषतः मैत्रिणींसाठी. आपल्याकडे ॲनिमिया इतका घरोघरी आहे की त्याचं कुणाला काही वाटतच नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना आणि २५ टक्के पुरुषांना ॲनिमिया आढळला. तरुण बायकांमध्ये पाळीतला रक्तस्राव हे त्याचं मोठं कारण असतं, म्हणून 'पाळीमुळे असेल' म्हणून विषय संपतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण गोळ्या घेऊनही आकडा चढत नसेल किंवा चढून पुन्हा घसरत असेल, तर पुढचा प्रश्न विचारायचा हक्क तुम्हालाही आहे. पुरुषांमध्ये आणि पाळी गेलेल्या बायकांमध्ये उघड कारण दिसत नसेल, तर पोट आणि आतडी तपासायचीच, असा डॉक्टरांचा शिरस्ता आहे.

तर माझी रवानगी पोटाच्या डॉक्टरांकडे झाली. मॅडम शांत, कमी बोलणाऱ्या. आधी तोंडातून दुर्बीण घातली. जठर ठीक. गव्हातलं ग्लुटेन न सोसणारा सिलिअ‍ॅक नावाचा आजार असतो, त्यातही लोह शोषलं जात नाही. म्हणून एक छोटा तुकडा तपासायला घेतला. तोही नॉर्मल. मग दुसऱ्या बाजूने कोलोनोस्कोपी. (आदल्या रात्री जे पाणी प्यावं लागतं आणि त्यानंतर जे होतं, ते इथे लिहीत नाही. तुम्ही कदाचित नाश्ता करत असाल.) मोठं आतडंही स्वच्छ.

''म्हणजे काहीच नाही?'' मी खूश.

''म्हणजे अजून सापडलेलं नाही,'' मॅडम म्हणाल्या. ''वरची दुर्बीण लहान आतड्याच्या तोंडापर्यंत जाते. खालची त्याच्या शेवटापर्यंत. मधलं सगळं आपण पाहिलेलंच नाही.''

मधलं म्हणजे किती? पाच-सहा मीटर! पुण्याहून मुंबईला जायचं, दोन्ही टोलनाके पाहायचे आणि म्हणायचं, एक्स्प्रेस-वे मोकळा आहे. तसलाच प्रकार.

त्या मधल्या रस्त्यासाठी असते कॅप्सूल एन्डोस्कोपी. कॅमेरा बसवलेली एक कॅप्सूल, साधारण २६ मिलिमीटर लांब आणि ११ मिलिमीटर जाड. वजन चार ग्रॅमच्या आत. पुढे पारदर्शक घुमट, त्यामागे भिंग आणि बारीक एलईडी दिवे, शिवाय बॅटरी आणि ट्रान्समीटर. आतडं अन्न जसं पुढे ढकलतं, तसं हिलाही ढकलतं. ती सेकंदाला किमान दोन फोटो काढते आणि कमरेच्या पट्ट्यावरच्या रेकॉर्डरला पाठवते. आठ तासांत पन्नास हजारांवर फोटो. आपल्या लग्नाच्या फोटोग्राफरलासुद्धा एवढे जमत नाहीत.

ही कल्पना गॅव्रिएल इद्दान नावाच्या इस्रायली इंजिनिअरची. हा माणूस मुळात क्षेपणास्त्रांच्या 'डोळ्यां'वर काम करणारा. २००० साली 'नेचर' या नियतकालिकात कॅप्सूलची माहिती प्रसिद्ध झाली आणि २००१ मध्ये अमेरिकेत तिला परवानगी मिळाली. क्षेपणास्त्राचा डोळा पोटात! बालपणी वाचलेल्या विज्ञानकथा आपण चक्क पाण्याबरोबर गिळतो आहोत.

कॅप्सूलला मर्यादाही आहेत. ती तुकडा काढू शकत नाही, रक्त थांबवू शकत नाही, 'जरा मागे वळून बघ' म्हटलं तर ऐकत नाही. आणि एक धोका आहे. आतड्यात कुठे अरुंद जागा असेल तर ती अडकू शकते. लपलेला रक्तस्राव शोधताना असं शंभरात एखाद-दोघांचं होतं. क्रोन्स नावाचा आतड्याचा आजार असेल किंवा वेदनाशामक गोळ्या बरेच दिवस चालू असतील, तर शक्यता वाढते. अशी शंका असेल तर आधी विरघळणारी डमी कॅप्सूल देऊन रस्ता तपासतात.

म्हणूनच मॅडमनी विचारलं, ''पेनकिलर घेता?''

''कधीतरी. डोकंबिकं दुखलं तर.''

त्यांनी फॉर्मवर लिहिलं : क्वचित. मी खाली सही केली. हे लक्षात ठेवा.

टेस्टच्या आठवडाभर आधी आयर्नच्या गोळ्या बंद, कारण त्यांनी आतडं काळपट दिसतं. आदल्या दिवशी हलकं जेवण, मग पुन्हा ते पोट साफ करणारं पाणी, आणि रात्रभर उपास. सकाळी कमरेला पट्टा बांधला, हातात कॅप्सूल दिली. ती लुकलुकत होती! गणपतीच्या मखरातल्या माळेचा एखादा दिवा सुटून हातात यावा तशी. एक घोट पाण्याबरोबर गेलीसुद्धा. दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलकं काहीतरी खायला परवानगी, एमआरआयच्या आसपासही फिरकायचं नाही, एवढ्या सूचना घेऊन मी घरी आलो.

आई पट्ट्याकडे बघत होती. ''आत्ता तो चालू आहे?''

''हो.''

''म्हणजे मी आता मऊ भात दिला, तर तो डॉक्टरांना दिसणार?''

''दिसेल बहुतेक.''

आईने त्या दिवशी भात दोनदा निवडून धुतला.

चौथ्या दिवशी मॅडमनी बोलावलं. स्क्रीनवर माझं आतडं होतं. गुलाबी, ओलसर, मखमलीसारखं. मला उगाच त्याच्याबद्दल माया वाटली. मग त्यांनी एक फोटो थांबवला. मखमलीवर पांढरट खड्डा, कडेला लाल. पुढे अजून एक. मग एकदम चार-पाच. त्यांतल्या एकातून रक्ताची बारीक रेघ. आणि शेवटी एक गोल, पातळ पडदा, मधे छोटं भोक. फोटो पुढे सरकत होते, पण दृश्य बदलत नव्हतं.

''कॅप्सूल इथे येऊन थांबली. बॅटरी संपेपर्यंत इथेच होती,'' त्या म्हणाल्या. ''अशा जखमा टीबीच्या असू शकतात, क्रोन्सच्या असू शकतात. ते तपासावं लागेल. पण असा पातळ पडदा दिसला की मला आधी पेनकिलरची आठवण येते. तुम्ही 'क्वचित' म्हणाला होतात. क्वचित म्हणजे किती?''

मी म्हटलं, ''घरी जाऊन बघतो.''

बघितलं. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली होती. बाइक, रस्त्यातले खड्डे आणि दहा तासांची खुर्ची. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या पाच दिवसांसाठी. पाच दिवसांनी चिठ्ठी संपली, माझी खरेदी चालू राहिली. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला मला बघूनच स्ट्रिप काढून ठेवायचा. सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी एक, आणि रात्री कॉल असला तर अजून एक. सोबत ॲसिडिटीची गोळी घेत होतो, म्हणजे आपण सेफ, असा माझा पक्का समज.

लॅपटॉपच्या बॅगेत तीन रिकाम्या स्ट्रिप मिळाल्या. ऑफिसच्या ड्रॉवरमधल्या वेगळ्याच. मग मोबाइलवर यूपीआयची हिस्टरी उघडली. चौदा महिन्यांत त्या मेडिकलला ३८ वेळा पैसे दिलेले, आणि रक्कम बहुतेक वेळा तीच, एका नाहीतर दोन स्ट्रिपची. बेरीज केली : ४६ स्ट्रिप. ४६० गोळ्या. दिवसाला एकीपेक्षा जास्त.

हे माझं 'कधीतरी'.

मी खोटं बोललो नव्हतो हो! मला मनापासून तसंच वाटत होतं. औषध म्हणजे आजारी माणसाने घ्यायची गोष्ट. पेनकिलर म्हणजे चहासारखी. ती कुणी मोजतं का?

दुसऱ्या दिवशी मॅडमना आकडा सांगितला. त्या रागावल्या नाहीत, त्यामुळे जास्त लाजल्यासारखं झालं. त्यांनी समजावलं. या गोळ्या ज्या रसायनांना रोखून दुखणं कमी करतात, त्यातलीच काही रसायनं आतड्याच्या अस्तराची राखण करत असतात. राखणदारालाच सुट्टी दिली की जखमा होतात. काही जखमा भरताना आवळतात आणि असा पडदा तयार होतो. आणि ॲसिडिटीची गोळी? ती जठराला सांभाळते. लहान आतड्यात जठराचं ॲसिड हा प्रश्नच नसतो, त्यामुळे तिथे तिचा काही उपयोग नाही.

''आधी कळलं असतं तर डमी कॅप्सूल दिली असती,'' एवढंच त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस मी रोज सकाळी काय शोधत होतो, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. पंधराव्या दिवशी एक्स-रे काढला. पोटात उजवीकडे खाली, चष्म्याच्या डबीतल्या स्क्रूसारखा आपला कॅमेरा बसलेला. पोट दुखलं, फुगलं, उलट्या झाल्या तर लगेच यायचं, अशी ताकीद मिळाली. नाहीच निघाला तर लांब दुर्बिणीने काढावा लागेल, तेही नाही जमलं तर ऑपरेशन. रात्री पोटात जरा गुडगुडलं तरी मी उठून बसायचो. आई दार लोटून विचारायची, ''दुखतंय का रे?'' सिटी स्कॅन झाला, टीबीच्या आणि इतर तपासण्या झाल्या. दुसरं काही निघालं नाही. पेनकिलर पूर्ण बंद. तेविसाव्या दिवशी कॅप्सूल आपल्या पायांनी, म्हणजे आपल्या वाटेने, बाहेर पडली. आईने देवापुढे साखर ठेवली. कारण मात्र शेजाऱ्यांना सांगितलं नाही.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आयर्नचा कोर्स पूर्ण केला, मधेच सोडला नाही. गोळ्या संपून तीन महिने झाल्यावर पुन्हा रक्त तपासलं : १३.९. गळती थांबली. पाठीसाठी फिजिओथेरपी चालू आहे आणि खुर्ची बदलली. दर तासाला उठून चकरा मारतो, त्यावरून टीममध्ये चेष्टा होते. कॅप्सूल टेस्टला जेवढे पैसे गेले, त्यात चांगला मोबाइल आला असता. पण मोबाइलने मला हे दाखवलं नसतं. की दाखवलं? यूपीआयची हिस्टरी मोबाइलमध्येच होती की, चौदा महिने!

एक खुलासा. हृदयासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी अशा गोळ्या लिहून दिल्या असतील, तर हा कॉलम वाचून त्या बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. आणि थकलेल्या प्रत्येकाला कॅमेरा गिळायची गरज नाही. आधी साधी रक्ताची तपासणी, मग कारणाचा शोध, मग दुर्बिणी, आणि तरीही उत्तर मिळालं नाही तर कॅप्सूल, असा तो क्रम आहे.

पण आज घरी गेल्यावर एक करा. बॅगेचे सगळे कप्पे, ड्रॉवर, गाडीची डिकी, सगळं उलटं करा आणि रिकाम्या स्ट्रिप मोजा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरांनी 'कुठली औषधं चालू आहेत?' असं विचारलं, की हा आकडाही सांगा. तुम्हाला तो औषधात धरावासा वाटत नसला तरी.

परवा त्याच हाडांच्या डॉक्टरांकडे फॉलो-अपला गेलो होतो. रिसेप्शनवर फॉर्म दिला. 'पेनकिलर घेता का?' समोर मी पेन थांबवलं, विचार केला आणि लिहिलं : ४६० घेतल्या. आता बंद.

रिसेप्शनवरच्या मुलीने फॉर्म वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. ''सर, इथे फक्त हो किंवा नाही लिहायचं असतं.''